आयर्विनचा आकडा आणि तुमच्या घराचा आकडा

प्रश्न असा आहे: सांगलीत नदीच्या बाजूला तळमजल्यावर नुकतंच भाड्याने राहायला आलो आहोत. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलं चौथीत आणि नववीत, मिस्टर कुपवाडला एमआयडीसीत शिफ्ट ड्युटीला. २०१९ च्या महापुराचं शेजारी सांगतात ते ऐकून धडकी भरते. घरात काय काय साठवून ठेवायचं?

ताई, काय साठवायचं ते पुढे सांगतोच. पण कृष्णा-पंचगंगेच्या काठावर इतकी वर्षं पूरनियंत्रणाचं आणि लोकांना बाहेर काढण्याचं काम केल्यावर माझं ठाम मत झालंय, की सामान नसल्यामुळे अडकलेलं घर फार क्वचित सापडतं. लोक अडकतात ते निघायला उशीर झाल्यामुळे. आणि उशीर होतो, कारण ‘निघायचं कधी’ हे घरात आधी कुणी ठरवलेलंच नसतं. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं की मग चर्चा सुरू होते. तेव्हा तुमच्या तयारीतली पहिली गोष्ट पिशवी नव्हे, एक आकडा आहे.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी मोजलेली पाण्याची पातळी सांगलीत पावसाळ्यात प्रत्येकाच्या तोंडी असते. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. हे आकडे शहरासाठी आहेत, तुमच्या घरासाठी नाहीत. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर या भागांत धोक्याची पातळी यायच्या कितीतरी आधी पाणी शिरतं, आणि विश्रामबागेत धोका ओलांडला तरी लोक बाजार करत असतात. म्हणून तुमच्या घराचा स्वतःचा आकडा काढायचा. त्याला इंजिनिअर लागत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी सुमारे ५७.५ फुटांपर्यंत गेलं होतं. तुमच्या गल्लीतल्या जुन्या रहिवाशांना, घरमालकांना विचारा, ‘तेव्हा पाणी कुठवर होतं?’ कुणाच्या तरी भिंतीवर, जिन्यात, नाहीतर विजेच्या खांबावर ती खूण दाखवणारा माणूस हमखास भेटतो. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाईप आणा, तिच्यात पाणी भरा, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर थांबतं, त्यावरून ती खूण तुमच्या भिंतीवर उतरवून घ्या. आता टेप लावून खुणेपासून तुमच्या फरशीपर्यंतचं अंतर मोजा. समजा ९ फूट भरलं, तर आयर्विनला साधारण ४८.५ फूट झाले की पाणी तुमच्या फरशीला लागणार. नदीला उतार असतो, त्यामुळे फूटभर इकडेतिकडे होईल. तेवढं धरून चाला.

पण थांबा, हा आकडा निघायचा नाही. आता तीच लेव्हल घेऊन गल्लीतून मुख्य रस्त्यापर्यंत जा आणि सगळ्यात सखल जागा शोधा. बहुतेक ठिकाणी अशी एक खोलगट जागा असतेच, पावसात जिथे रोज डबकं साचतं ती. समजा ती जागा खुणेच्या १३ फूट खाली आहे. म्हणजे ४४.५ फुटांना तुमचा रस्ता बंद. घर अजून कोरडं असतं, फरशीला पाणी लागायला चार फूट अवकाश असतो, आणि तरीही तुम्ही अडकलेल्या असता. २०१९ ला कितीतरी कुटुंबं नेमकी इथेच फसली. घराच्या पायरीकडे बघत बसली आणि पाठीमागचा रस्ता गेला.

रस्ता बंद व्हायच्या आकड्यातून मी पाच फूट वजा करायला सांगतो. घरात अंथरुणावरचं माणूस असेल तर पाचच्या खाली जाऊ नका. या उदाहरणात मग ३९.५, म्हणजे जवळपास इशारा पातळीच आली. तुमचा आकडा तुम्ही मोजाल तो. तो मोठ्या अक्षरांत लिहून फ्रीजवर चिकटवा, नववीतल्या मुलाला किंवा मुलीला तो कसा काढला ते समजावून सांगा. आणि एक नियम जोडा: संध्याकाळी पाच वाजता पाणी चढतं असेल आणि आकडा दोन-तीन फुटांवर आला असेल, तर उजेड आहे तोवर निघायचं. रात्रीच्या अंधारात, वीज गेलेली असताना आजारी माणसाला उचलून नेणं फार कठीण जातं.

काही वर्षं अशीही येतील की तुम्ही निघाल आणि पाणी येणारच नाही. तरी निघायचं. दोन दिवस नातेवाईकांकडे राहून परत यायचं. शेजारी काही म्हणतील, म्हणू देत.

मी आकड्यावर इतका जोर देतो त्याला कारण आहे. २००५ ला आयर्विनला पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं होतं. त्यामुळे २०१९ ला हजारो लोकांच्या डोक्यात तीच कमाल मर्यादा बसलेली होती. ‘२००५ ला आमच्या दुसऱ्या पायरीला लागलं होतं, त्याच्या वर काय येत नाही,’ हे वाक्य मी त्या आठवड्यात किती तोंडांतून ऐकलं असेल. पाणी त्याच्यावर जवळजवळ चार फूट गेलं. दोन वर्षांनी, जुलै २०२१ ला, पुन्हा ५५ च्या आसपास आलं, आणि ते चढलं इतकं झपाट्याने की २०१९ च्या अनुभवावर ‘अजून दोन दिवस आहेत’ म्हणणारे गाठले गेले. मागच्या पुराने पुढच्या पुराला हद्द घालून दिलेली नसते.

आता आकड्याकडे बघायचं कसं, ते सांगतो. जिल्हा प्रशासन आणि पाटबंधारे खातं पावसाळ्यात रोज पातळी जाहीर करतं. त्यात फक्त आयर्विन बघू नका. कराडचा कृष्णा पूल, बहे पूल, ताकारी पूल, भिलवडी पूल, मग आयर्विन, असा पाण्याचा क्रम आहे. कराड आणि बह्याला पाणी चढत असेल, तर सांगलीत आज पाऊस नसला, ऊन पडलेलं असलं, तरी पाणी येणार. उलट तिथे उतरायला लागलं की सांगलीत आणखी काही तास चढून मग थांबतं. कोयना धरणातून सोडलेलं पाणी सांगलीत पोचायला एक दिवसाच्या आसपास लागतो, हा वेळ तुमच्या हातात असतो. बातमीत ‘पायथा विद्युतगृहातून २१०० क्युसेक विसर्ग’ असं आलं तर घाबरू नका, तो नेहमीचा असतो. धरणाचे सहा वक्र दरवाजे वर उचलले आणि विसर्ग काही दहा हजारांत गेला, की कान टवकारा. मात्र धरणाचेच आकडे बघून निर्धास्तही राहू नका. धरणाखालच्या मोकळ्या पाणलोटात जो पाऊस पडतो तो कुठल्याच दरवाजाला विचारून येत नाही. शिवाय हरिपूरला वारणा मिळते, पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा. त्या दोघी भरून वाहत असल्या की कृष्णेला फूग येते, म्हणजे तिचं पाणी मागे तुंबतं, आणि सांगलीतलं पाणी उतरायचं नाव घेत नाही.

पाणी पहिल्यांदा दारातून येईल असंही समजू नका. नाले उलटे वाहू लागतात, आणि तळमजल्याच्या घरात पहिलं पाणी बहुतेक वेळा मोरीतून किंवा संडासाच्या भांड्यातून वर येतं. मोरीत गुडगुड आवाज यायला लागला आणि बाहेर पाऊस नाही, तर नदी गटारातून आत आली असं समजायचं. वाळूने भरलेल्या दोन-तीन लहान पिशव्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून मोरीवर आणि भांड्यात दाबून ठेवल्या की घाण पाणी थोडा वेळ अडतं. सामान उचलायला तेवढा वेळ पुरतो.

जायचं कुठे, हेही आजच ठरवा. विश्रामबाग, कुपवाड, मिरजेच्या बाजूला कुणी असेल तर उत्तम. नातेवाईक सांगलीवाडीला किंवा इस्लामपूरच्या (आताचं ईश्वरपूर) बाजूला असतील तर ते कितीही जवळचे असोत, पुरात त्यांचा उपयोग नाही, कारण मध्ये नदी आहे. ज्यांच्याकडे जायचं त्यांना जूनमध्येच फोन करून स्पष्ट विचारा, ‘आई अंथरुणाला आहेत, आठ-दहा दिवस राहावं लागलं तर चालेल का?’ ऐनवेळी संकोच आडवा येतो, आणि त्या संकोचापायी सून-मुलगा निघायचं टाळतात, हे मी पाहिलेलं आहे. कुणीच नसेल तर महापालिकेची निवारा केंद्रं बहुधा शाळांमध्ये असतात. तुमच्या प्रभागाची कुठली, ती आधी जाऊन बघा आणि तिथे जमिनीवरून उठू न शकणाऱ्या माणसाची सोय कशी होईल ते विचारून या.

मिस्टर कामावर असताना पाणी वाढलं तर काय, हा तुमच्या घरातला खरा पेच आहे. त्याचं उत्तर आधीच ठरवून टाका: आकडा गाठला की घरात जो असेल त्याने निघायचं, फोन लागायची वाट बघायची नाही. मिस्टरांनी कामावरून परस्पर नातेवाईकांकडे यायचं, घराकडे वळायचंच नाही. घरी कुणी नसताना पाण्यातून घराकडे निघालेला माणूस मला सगळ्यात जास्त काळजीत टाकतो. मोबाईल टॉवर बंद पडतात. म्हणून नातेवाईकांचा नंबर दोन्ही मुलांना तोंडपाठ हवा, आणि चौथीतल्या बाळाच्या खिशात कागदावर लिहिलेला.

सासूबाईंचं थोडं सविस्तर सांगतो, कारण तुमच्या घरात बाकी सगळं त्यांच्यावर ठरणार आहे. रिक्षा किंवा व्हॅन ओळखीची, आधी सांगून ठेवलेली असावी. पुराच्या दिवशी १०८ ची गाडी मिळेलच असं धरू नका, तिच्यावर अख्ख्या शहराचा भार असतो. उचलण्यासाठी हात असलेली मजबूत प्लास्टिकची खुर्ची उपयोगी पडते. खुर्चीत बसवायचं, कमरेशी आणि छातीशी जुन्या सुती साडीने सैलसर बांधायचं, पुढून एक आणि मागून एक असं धरून न्यायचं. बसणं शक्यच नसेल तर दुहेरी जाड चादर आणि चार माणसं. ही चार माणसं कोण, ती नावं आत्ता ठरवा आणि एकदा, कोरड्या दिवशी, दारापासून गल्लीच्या तोंडापर्यंत करून बघा. उंबरा, जिन्याचं वळण, बाहेर लावलेल्या गाड्या, कुठे अडतं ते त्याच वेळी कळेल. त्यांची औषधं पंधरा दिवसांची वेगळी काढून ठेवा आणि दर महिन्याला फिरवत राहा. चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये, झेरॉक्स पिशवीत. डायपर, रबरी शीट, चष्मा, कवळी, श्रवणयंत्राचे सेल, असतील ते सगळं त्याच पिशवीत. इन्सुलिन असेल तर ते डबीत घालून ओल्या मडक्यात ठेवलं की वीज नसतानाही गारव्यात राहतं. बर्फात मात्र घालू नका, गोठलेलं इन्सुलिन टाकावं लागतं.

नावेची वेळ येऊ नये म्हणूनच हे सगळं आहे. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि त्यात बायका-मुलांसह कितीतरी जीव गेले. तरीही कधी नावेत बसायची वेळ आलीच, तर लाइफ जॅकेट मिळाल्याशिवाय बसू नका. बोटवाल्याने ‘आता बास’ म्हटल्यावर कुणाला आत ओढू नका. सगळ्यांनी खाली बसायचं, एका बाजूला झुकायचं नाही. जॅकेट नसेल तर झाकण घट्ट बसलेला रिकामा वीस लिटरचा कॅन छातीशी बांधलेला बरा.

आता सामान. मुलांची जुनी दप्तरं यासाठी उत्तम, पाठीवर घेता येतात आणि हात मोकळे राहतात. टॉर्च, पॉवर बँक, शिट्टी, नायलॉनची दोरी, प्रत्येकाचे दोन जोड कपडे, चादर, सॅनिटरी पॅड, ओआरएसची पाकिटं, ताप-जुलाबाची नेहमीची औषधं, पट्टी. खायला न शिजवता चालेल असंच घ्या: शेंगदाणा-गूळ, राजगिऱ्याचे लाडू, चुरमुरे, भडंग, सातूचं पीठ. रोख रक्कम हवीच, आणि ती दहा-वीस-पन्नासच्या नोटांत, कारण वीज गेली की एटीएम आणि मोबाईलचे पैसे दोन्ही बंद. कागदपत्रं झिपच्या प्लास्टिक पाऊचमध्ये: आधार, रेशनकार्ड, भाडेकरार, मुलांचे दाखले, बँकेचं पासबुक, विम्याची पॉलिसी. जी डिजिलॉकरमध्ये मिळतात ती घेऊन ठेवा, बाकीच्यांचे फोटो काढून बाहेरगावच्या नातेवाईकाला पाठवा.

पाण्याचं मात्र गांभीर्याने घ्या. महापुरात पिण्याच्या पाण्याचेच हाल होतात, कारण उपसा केंद्रं नदीकाठीच असतात आणि तीच आधी बुडतात. २०१९ ला कोल्हापुरात पंप पाण्याखाली गेले, नळ बंद झाले, शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि दूध, भाजी, पेट्रोल सगळ्याची टंचाई झाली. नदीपासून लांब, कोरड्या घरात राहणाऱ्यांनाही ते भोगावं लागलं. म्हणून तुम्ही आणि तुम्ही ज्यांच्याकडे जाणार त्यांनीही पातळी वाढायला लागली की माणशी रोज चार लिटर या हिशेबाने किमान तीन-चार दिवसांचं पिण्याचं पाणी भरून ठेवावं. पाच माणसांना ते साठ-ऐंशी लिटर होतं. संशय असलेलं पाणी खळखळून उकळायचं, नाहीतर आशाताई देतात ते मेडिक्लोर किंवा क्लोरीनची गोळी वेष्टनावरच्या मापाने टाकून अर्धा तास थांबायचं. गढूळ पाणी आधी फडक्याने गाळून घ्या, गाळात औषध काम करत नाही.

निघताना घरात काय करायचं, ते भिंतीवर क्रमाने लिहून ठेवा, घाईत कुणालाच सुचत नाही. मेन स्विच बंद. इन्व्हर्टरची बॅटरी सुटी करून वर, तिचा प्रवाह मेनने बंद होत नाही हे लोक विसरतात. गॅसचा रेग्युलेटर काढायचा, सिलिंडरला टोपी लावून तो खिडकीच्या गजाला साखळीने बांधायचा, कारण सिलिंडर पाण्यावर तरंगतो आणि वाहत जातो. फ्रीज रिकामा करून दार बांधायचं. धान्य, पुस्तकं, गाद्या माळ्यावर. गाडी असेल तर ती तुमच्या आधी एक दिवस उंचावर गेली पाहिजे. कुणाकडे जनावरं असतील तर ती गाडीच्याही आधी. तेवढं जमलंच नाही, तर निदान दावं कापून जनावर मोकळं करा, म्हैस पोहून जीव वाचवते.

परत आल्यावर घाई नको. पाणी उतरलं की चिखलात साप असतात, नाग, घोणस, मण्यार अडगळीत आणि माळ्यावर आसरा घेतात. काठीने चाळवल्याशिवाय हात घालू नका. चावलाच तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, तो अवयव न हलवता सरळ सरकारी दवाखाना. जुन्या पांढऱ्या मातीच्या भिंती पाण्यात उभ्या राहतात आणि पाणी ओसरून सुकू लागल्या की कोसळतात, म्हणून अशा घराशेजारी मुलांना खेळू देऊ नका. वीज वायरमनने तपासल्याशिवाय मेन चालू करायचा नाही, बटणाच्या डब्यांत गाळ भरलेला असतो. बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारू नका, इंजिन जातं आणि विम्याचा दावाही अडतो. गाळ काढताना गमबूट आणि हातमोजे हवेत. पायाला जखम असेल किंवा बराच वेळ पुराच्या पाण्यात उभं राहावं लागलं असेल, तर लेप्टोच्या (पुराच्या घाण पाण्यातून होणारा ताप, लेप्टोस्पायरोसिस) प्रतिबंधक गोळीबद्दल डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा. पुरानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर ‘थकवा असेल’ म्हणून अंगावर काढू नका.

साफसफाईच्या आधी प्रत्येक खोलीचे फोटो काढा, भिंतीवरची पाण्याची रेघ दिसेल असे. पंचनाम्याला तलाठी किंवा महापालिकेचे लोक येतात तेव्हा घर धुतलेलं असेल तर नुकसान दाखवणं अवघड जातं. भाडेकरूचं सामानाचं नुकसान वेगळं नोंदवलं जातंय का, हे तिथेच उभं राहून बघा. भाडेकरार पाऊचमध्ये ठेवायला सांगितला तो यासाठीच. विमाही भाडेकरूला काढता येतो. ‘भारत गृह रक्षा’ ही घरविम्याची प्रमाणित पॉलिसी एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे आहे, तिच्यात पूर आणि भूकंप दोन्ही येतात आणि फक्त घरातल्या सामानाचाही विमा घेता येतो. दुचाकीला नुसता थर्ड पार्टी असेल तर पुराचं काही मिळत नाही.

भूकंपाचं दोन ओळींत. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का आपल्या भागातला आहे आणि तिथे आजही जमीन अधूनमधून हलते. सासूबाईंच्या पलंगाशेजारचं लोखंडी कपाट भिंतीला पट्टी मारून पक्कं करा आणि डोक्याशी असलेली जड वस्तूंची फळी काढून टाका.

मदतीसाठी ११२, जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, विजेची तक्रार १९१२, गॅस गळती १९०६. जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रभाग कार्यालयात जाऊन ‘घरात अंथरुणावरचं माणूस आहे, तळमजला आहे’ अशी लेखी नोंद द्या आणि पोच घ्या. बोटीचं पथक गल्लीत शिरतं तेव्हा त्यांच्या हातात अशी यादी असली तर ते आधी त्या दारात जातात. लेव्हल पाईप हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. दहा-पंधरा मीटर घ्या. गल्लीतली खोलगट जागा लांब असेल तर मधल्या भिंतींवर टप्प्याटप्प्याने खुणा करत जा, आणि मोजताना नळीत हवेचा बुडबुडा राहिलेला नाही ना, तेवढं बघा, नाहीतर आकडा चुकतो.